काटा नाचायलाय? टाकी खोलायच्या आधी हे बघा

आमच्याकडं १९९३ ची डिझेल जीप आहे, वडिलांनी घेतलेली, आणि तिच्या डिझेलच्या काट्याच्या अंगात यायचं. म्हणजे खड्डा आला की काटा फुल, पुढच्या खड्ड्याला रिकामा, आणि रात्री लाईट लावली की सरळ खाली लोळण. आम्हाला सवय झाली होती. त्यामुळं एका रात्री केजहून बीडला जाताना काटा खाली पडला तेव्हा मी म्हणलं हे काय रोजचंच आहे, आणि नेकनूरच्या अलीकडं गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. त्या दिवशी काटा पहिल्यांदा खरं बोलत होता आणि त्याच दिवशी मी त्याला खोटं ठरवलं.

डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही हे माहीत असेलच, लाईनमध्ये हवा घुसते, मग हातपंप मारत बसा, नट ढिला करून फेस थांबेपर्यंत हवा काढा, सगळे हात डिझेलनं माखतात. तासभर गेला. वडील म्हणले, "मी इतकी वर्षं काठी घालून बघतो, तुला कुणी सांगितलं होतं त्या काट्याकडं बघायला?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर नेली तर तिथं "फ्लोट गेला" (टाकीतला तरंगणारा गोळा) म्हणून नवीन टाकला, बाराशे रुपये घेतले, आणि आठ दिवसांत काटा परत नाचायला लागला. शेवटी एका जुन्या वायरिंगवाल्या चाचांनी टाकीला हातसुद्धा न लावता एक लांब वायर बॅटरीच्या मायनसवरून ओढली, टाकीवरच्या युनिटच्या (म्हणजे डिझेल मोजणाऱ्या भागाच्या) पत्र्याला टेकवली आणि मला म्हणले आता मीटर बघा. काटा गप उभा. बाराशेचा फ्लोट बदलला आणि खराबी होती अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायच्या जोडणीत.

तेव्हापासून गावातल्या चार-पाच गाड्यांचे काटे मी बघितलेत, जीपा, एक व्हॅन, एक जुनी कार. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो. हे सगळं साध्या, काट्याच्या मीटरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. ज्या गाडीत मीटर कॉम्प्युटरवर चालतो तिथं वायरी टेकवायचे हे प्रयोग करू नका, महागात जाईल.

आधी हे चालतं कसं ते

टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, पितळेचा नाहीतर प्लॅस्टिकचा, त्याला एक तारेचा दांडा. दांडा वर-खाली झाला की दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती रेझिस्टन्सच्या (करंटला अडवणाऱ्या) पट्टीवर घासत सरकते. जुन्या युनिटात ही पट्टी म्हणजे बारीक तार गुंडाळलेली असते, नंतरच्यात काळ्या रेघांचं कार्ड असतं. पत्ती जिथं असेल तेवढा रेझिस्टन्स, आणि तेवढाच करंट मीटरमधून टाकीत येऊन अर्थला जातो. एवढंच आहे. म्हणजे चावीपासून मीटर, मीटरपासून एक वायर मागं टाकीपर्यंत, मग पट्टी, मग पत्रा, मग चासी, मग बॅटरीचा मायनस, अशी साखळी आहे आणि यातली एकही कडी ढिली झाली तरी काटा नाचणार. गॅरेजवाला बहुतेक वेळा सगळ्यात महाग कडी आधी बदलतो.

आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. काही युनिट रिकाम्या टाकीला २४० ओहम (रेझिस्टन्सचं माप) आणि भरलेल्या टाकीला ३३ दाखवतात, काही एकदम उलटे, रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. म्हणून दुसऱ्या गाडीचं युनिट भोकं जुळली म्हणून बसवलं तर काटा कधीच बरोबर येणार नाही, पण नाचणारही नाही, तो ठामपणे खोटं बोलेल. आमच्या जीपला रिकामीला ७५ च्या आसपास आणि भरलेलीला १० येतात. खाली मी जे "रेझिस्टन्स वाढला की काटा खाली" असं म्हणेन ते या जातीसाठी, तुमची गाडी उलटी असेल तर उलटं धरा.

काटा कसा नाचतो ते चार दिवस बघा

हे कुणी करत नाही आणि निम्मं निदान इथंच होतं. काट्याकडं नुसतं बघू नका, कधी हलला ते बघा.

लाईट, ब्रेक किंवा इंडिकेटर लावला की काटा हलतो, इंडिकेटरच्या टकटकीबरोबर काटापण टकटक करतो, तर डोळे झाकून अर्थिंग. कारण मागच्या दिव्यांचा आणि टाकीच्या युनिटचा अर्थ बऱ्याच गाड्यांत एकाच जागी चासीला दिलेला असतो, ती जागा गंजली की दिव्यांच्या करंटला परत जायला नीट वाट मिळत नाही आणि त्याचा भार काट्यावर येतो. आमचं हेच होतं.

खड्ड्यात क्षणभर पडतो आणि लगेच उठतो, तर कुठंतरी ढिलं कनेक्शन आहे, कपलर (वायरी जोडायचा प्लग), थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), नाहीतर तुटत आलेली वायर.

टाकीत ठराविक डिझेल असतानाच गडबड करतो, म्हणजे पाव ते अर्ध्याच्या मधेच पडतो आणि वर-खाली गेला की ठीक, तर पट्टी त्या जागी घासून गेलीय. आपल्याकडं "पाचशेचं टाका" म्हणणारे लई, मीपण त्यातलाच, त्यामुळं पत्ती आयुष्यभर खालच्या पाव भागातच घासत राहते आणि पट्टी बरोबर तिथंच झिजते. वरचा भाग कोराकरकरीत असतो.

डिझेलच्या काट्याबरोबर पाण्याचा (इंजिन किती तापलंय ते दाखवणारा) काटापण चुकीचं दाखवायला लागला तर टाकीकडं जाऊच नका, खराबी डॅशबोर्डमध्ये आहे.

काटा नाचत नाही पण कायम फुलवर चिकटलाय, तर मागं जाणारी वायर कुठंतरी सोलून चासीला लागलीय. कायम रिकाम्यावर मेलाय, तर वायर तुटलीय किंवा गोळ्यात डिझेल शिरून तो बुडालाय.

आणि मांजरसुंब्याचा घाट चढताना काटा हळूहळू सरकला, उतरताना परत आला, तर त्याला काहीही झालेलं नाही, टाकीतलं डिझेल एका बाजूला जातंय, बस. त्याच्या मागं लागू नका.

सामान

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, सात-आठ मीटर वायर दोन्ही टोकांना क्लिप लावलेली, बारका पितळी ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात मिळणारा पाच वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, १० ओहमचा. हा रेझिस्टर कशाला ते पुढं येईल.

पायरी पहिली: टाकीत खरंच किती आहे

जीपच्या टाकीचं तोंड सरळ असतं, स्वच्छ लाकडी काठी घाला, ओली खूण बघा. कारला तोंड वाकडं असतं, काठी जात नाही, मग एकदा टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. खरा आकडा माहीत नसताना काट्यावर शंका घेणं म्हणजे अंदाजावर अंदाज.

पायरी दुसरी: अर्थिंग

चाचांचा प्रयोग तुम्ही घरीच करा. चावी बंद. वायरीचं एक टोक आधी युनिटच्या पत्र्याला लावा, दुसरं टोक नंतर बॅटरीच्या मायनसला. हा क्रम मुद्दाम सांगतो, ठिणगी पडलीच तर ती टाकीपाशी पडायला नको. मग चावी ऑन, हेडलाईट ऑन, इंडिकेटर चालू, आणि काटा बघा. शांत झाला तर सापडलं.

मल्टिमीटरनंपण बघता येतं आणि मला ते जास्त आवडतं कारण आकडा दिसतो. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसीवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन युनिटच्या पत्र्यावर, चावी आणि सगळे दिवे चालू. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. आमच्या जीपला १.४ आले होते, म्हणजे बारातला सव्वा-दीड व्होल्ट गंजच खात होता.

उपाय सोपाय. जुना अर्थ कुठं चासीला लावलाय तो बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज खरवडून पांढरा पत्रा दिसू द्या, नवीन थिंबल दाबून बसवा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चासीच्या कोपऱ्यात अशी बसते की उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवते, त्यामुळं नुसता बोल्ट आवळून भागत नाही, पुढच्या वर्षी परत तेच. मी तर युनिटच्या एका स्क्रूपासून वेगळी वायर चासीला दिलीय, कारण जुन्या गाड्यांत टाकी पट्ट्यांवर टेकलेली असते आणि पट्ट्यांखाली रबर, मग अर्थ मिळतोय तो कसाबसा. हे टाकी न खोलता होतं, फक्त स्क्रू एकच काढा आणि लगेच आवळा, सगळे ढिले करू नका. पेट्रोल गाडी असेल तर त्या आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

डॅशबोर्डच्या मागं मीटरचा अर्थ असतो तोपण याच पद्धतीनं बघून घ्या.

पायरी तिसरी: साखळी मधोमध तोडा

अर्थ ठीक निघाला तर आता खराबी पुढं आहे का मागं हे ठरवायचं. युनिटवर येणारी वायर काढा, चावी बंद असताना. काही युनिटला दोन वायरी असतात, एक काट्याची आणि एक डिझेल संपत आल्यावर लागणाऱ्या दिव्याची, कुठली कुठली ते आधी खुणा करून ठेवा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याच कपलरमध्ये पंपाच्या जाड वायरीपण असतात, त्यांना अजिबात हात लावायचा नाही.

आता चावी ऑन. वायर मोकळी आहे म्हणजे काटा रिकाम्यावर जायला पाहिजे. मग चावी बंद करून ती वायर आपल्या १० ओहमच्या रेझिस्टरमधून चासीला जोडा, आणि परत चावी ऑन. काटा फुलकडं जायला पाहिजे. बरेच मिस्त्री वायर थेट पत्र्याला घासून बघतात, काटा जातोही फुलवर, पण काही मीटरची आतली कॉईल त्यात जळते, आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणग्या पाडायची हौस कशाला. रेझिस्टर पाच-दहा रुपयांना मिळतो.

एक गोष्ट, घाई करू नका. जुन्या मीटरमध्ये आत गरम होऊन वाकणारी पट्टी असते, तो काटा आरामात चढतो, अर्धा मिनिट घेतो. मी पहिल्यांदा पाच सेकंद बघून "मीटर गेला" असं ठरवलं होतं.

काटा दोन्हीकडं नीट गेला आणि तिथं स्थिर राहिला तर मीटर चांगला, वायर चांगली, खराबी टाकीतल्या युनिटमध्ये. नाही गेला तर हाच प्रयोग डॅशबोर्डच्या मागं, मीटरच्या टर्मिनलवरच करा. तिथं चालला म्हणजे मधली वायर खराब.

वायर

मधली वायर शोधायला कंटाळा येतो पण जागा ठरलेल्या आहेत. चासीच्या भोकातून वायर आत शिरते तिथं रबर गळून गेलेलं असतं आणि पत्र्याची धार वायर कापते. मागच्या चाकाच्या वर चिखल उडतो तिथला कपलर आतून हिरवा पडलेला असतो. आणि आधी कुणीतरी नुसती पिळून टेप गुंडाळलेला जॉईंट, हा तर प्रत्येक जुन्या गाडीत एक तरी निघतोच. गाडी सोयाबीनच्या पोत्यांजवळ शेडमध्ये उभी राहत असेल तर उंदीर धरूनच चला.

चावी ऑन ठेवून एकानं काट्याकडं बघायचं आणि दुसऱ्यानं वायर पुढून मागं हलवत जायचं, जिथं हलवल्यावर काटा उडतो तिथंच ती जागा. नाहीच सापडली तर नवीन वायर सरळ टाका, एकच तर आहे. जॉईंट मात्र डाख देऊन वर स्लीव्ह चढवा.

दोन्ही काटे बिघडले असतील तर

जुन्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डमागं एक डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर, ती बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट खाली आणून मीटरला सरासरी दहाच्या आसपास देते. ती अडकली की दोन्ही काटे वर चढतात आणि इंजिन रेस केलं की अजून वर जातात. मेली की दोन्ही काटे मेले. या जुन्या डब्या चालू-बंद चालू-बंद करून काम करतात त्यामुळं डिजिटल मीटरवर आकडा उड्या मारतो, तो दोष नाही, एक छोटा बल्ब लावला तर लुकलुकताना दिसतो. बल्ब एकसारखा लखलख जळत राहिला तर डबी गेली. पण आधी डबीचा स्वतःचा अर्थ बघा.

टाकीतलं युनिट, पण न काढता

वायर काढलेलीच आहे तर मल्टिमीटर २०० ओहमवर लावा (२४० वालं युनिट असेल तर २००० वर), एक पिन युनिटच्या टर्मिनलवर, दुसरी युनिटच्याच पत्र्यावर, आकडा लिहा. मग दुसरी पिन बॅटरीच्या मायनसवर नेऊन परत आकडा लिहा. दोन्ही सारखे पाहिजेत. दुसरा आकडा पंधरा ओहमनं जास्त आला तर ते पंधरा ओहम गंजाचे आहेत आणि तुम्ही पायरी दुसरी नीट केलेली नाही, परत जा.

आता पिना धरून ठेवा आणि पोरांना गाडी मागून हलवायला सांगा. आकडा हळूहळू वर-खाली झाला पाहिजे, ४२, ४४, ४३ असा. मधेच स्क्रीनवर नुसता १ किंवा ओएल चमकला तर पत्ती त्या जागी पट्टीला सोडतेय. आता टाकी खोलायचं कारण मिळालं.

खोलताना

पेट्रोल असेल तर दहा वेळा विचार करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली पसरते, शेडमध्ये किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते आणि लांबच्या ठिणगीनंपण पेट घेते. उघड्यावर, सकाळी गारव्यात, मेच्या दुपारी तर नाहीच. बॅटरीचा मायनस काढलेला, बिडी-सिगारेट लांब, वाळूची बादली जवळ, आणि टाकी शक्यतो पावाच्या खाली. डिझेल एवढं भडकत नाही पण म्हणून बिनधास्त होऊ नका.

आधी युनिटच्या भोवतीची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर सगळी टाकीत जाते आणि पुढच्या महिन्यात फिल्टर बदलायला लागतो. स्क्रू असतील तर सोपं. फिरवून बसवलेली रिंग असेल तर लोखंडी छन्नीनं ठोकू नका, लाकडाचा नाहीतर पितळेचा तुकडा वापरा. बाहेर काढताना दांडा वाकवू नका, तिरपं करून अलगद काढा, आणि कुठल्या बाजूला तोंड होतं त्याचा फोटो काढून ठेवा (फोन टाकीपासून लांब न्या मग).

गोळा कानाजवळ हलवा. आत खळखळ आली तर आत डिझेल शिरलंय. खात्री करायची तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतात. पितळी गोळ्याला डाख देता येतो असं म्हणतात, मी देत नाही, आत पेट्रोल असताना त्याला उष्णता देणं म्हणजे फटाकाच, नवीन गोळा घ्या. दांडा टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्याला घासतो का हेपण बघा, टाकी खालून दगड लागून चेपली असेल तर गोळा वेळेआधीच तळाला टेकतो आणि रिकाम्या टाकीत डिझेल दिसत राहतं.

पट्टीवर काळी नाहीतर हिरवट साय असते. स्प्रे मारा, मऊ ब्रशनं पुसा, शाळेतल्या खोडरबरनं हळूच घासा. पॉलिश पेपर लावायचा नाही, बारीक तार असते, दोन घासात तुटते. पत्ती सैल पडली असेल तर अगदी केसभर आत वाकवा. मग मल्टिमीटर लावून दांडा हातानं एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश न्या, आकडा कुठं तुटतो का बघा. साफ करूनही एकाच जागी तुटत असेल तर ती तार झिजलीय, पत्ती थोडी आडवी सरकवून कोऱ्या भागावर आणता आली तर काही वर्षं निघतात, नाहीतर नवीन युनिट. नवीन घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून दोन्ही टोकांचे ओहम जुन्याशी जुळवा, दुकानदार वैतागला तरी.

पेट्रोलवाल्यांनी तळात पाणी आणि गंज आहे का तेपण बघून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच ऊस-मक्याचं, पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीला ते मानवत नाही.

बसवताना पॅकिंग नवीन. जुनं पॅकिंग परत वापरलं की टाकी फुल केल्यावर वास येतो.

शेवटी काट्याची शाळा

टाकी जवळजवळ रिकामी करून पंपावर जा आणि पाच-पाच लिटर टाकत प्रत्येक वेळी काटा कुठं आला ते लिहा. गरम होणारा काटा असेल तर दरवेळी मिनिटभर थांबा. पंपवाला कटकट करतो, दुपारी गर्दी नसताना जावं. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, शंका आली तर तेपण मागून बघता येतं.

टाकीचा आकार सरळ नसतो त्यामुळं काटा अर्ध्यावर म्हणजे निम्मं डिझेल असं नसतंच. आमच्या जीपला काटा अर्ध्यावर असताना १९ लिटर असतं, पावावर ८, आणि रिकाम्याच्या रेघेला टेकल्यावर अजून ४ लिटर खाली असतं. हे मी स्टीलच्या पट्टीवर कोरून डॅशबोर्डला चिकटवलंय. वडील तरीपण मोंढ्यात निघायच्या आधी काठी घालतात, काठी बाहेर काढून काट्याकडं बघतात आणि म्हणतात, "हं, आज बरोबर दाखवायलाय."